गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी निधी: कोकणातल्या छोट्या संस्थेने अर्ज कसा करावा

प्रशिक्षणाच्या पाच दिवसांसाठी पैसे देणारे पुष्कळ भेटतात. सभागृह भरलेलं दिसतं, फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटता येतात. सहाव्या दिवसापासून वर्षभर त्या आरोग्य कार्यकर्तीबरोबर वाडीत कोण फिरणार, तिच्या बीपी मशीनचे सेल कोण बदलणार, बाळाचं वजन घेताना तिची चूक होत असेल तर ती कोण सुधारणार, यासाठी आपणहून पैसे कुणी देत नाही. ते अर्जातच मागावे लागतात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या संस्था नेमक्या तिथे कचरतात: आकडा लहान दिसावा म्हणून देखरेखीचा खर्च गाळतात आणि मग सहा महिन्यांत काम बंद पडतं.

पुढची माहिती रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या नोंदणी झालेल्या, पण अजून मोठा निधी न हाताळलेल्या संस्थांसाठी आहे.

पहिली पायरी: कुणाला शिकवणार?

दोन वाटा आहेत. एक, सरकारच्या आशा स्वयंसेविकांना जादा प्रशिक्षण द्यायचं. दुसरी, बचत गटातल्या किंवा वाडीतल्या बायका निवडून त्यांना तयार करायचं. अर्ज लिहायला बसण्याआधी हे ठरलं पाहिजे, कारण परवानग्या, खर्च आणि भांडणं तिन्ही वेगळी आहेत.

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, हे तिचं मूळ प्रमाण. तिला सरकारी प्रशिक्षण मिळतं: सहावं-सातवं मॉड्यूलच चार टप्प्यांत मिळून वीस दिवसांचं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरभेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीही एक, हे तिला शिकवलेलं असतं. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत बाळाच्या आणखी पाच भेटी असतात. तिशीपुढच्या माणसांची बीपी-मधुमेहासाठी प्राथमिक माहिती भरणंही तिच्याकडेच. हेच विषय नव्या वेष्टनात घालून अर्ज केला, तर जाणकार निधीदाता पहिल्याच पानावर विचारतो, ‘हे सरकार करतंच आहे ना?’

म्हणून फटी शोधा. कोकणात त्या सहज सापडतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा २०११ च्या जनगणनेत कमी भरली. रत्नागिरीत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. तरुण मुंबई-पुण्याला, घरात म्हातारी माणसं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी, बीपीच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांचा पाठपुरावा, सर्पदंशात वेळ न घालवता योग्य रुग्णालय गाठणं, लावणीच्या दिवसांतला लेप्टोस्पायरोसिस, दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून दिसलेला, गोचिडींमुळे होणारा माकडताप: या विषयांवर मागितलेला निधी पटकन पटतो.

आशांना शिकवायचं असेल तर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं लेखी पत्र लागतं. तोंडी ‘करा, करा’ पुरत नाही. अर्जात विषय, दिवस, ठिकाण, प्रशिक्षक कोण आणि भत्ता कोण देणार हे पाच मुद्दे ठेवा. प्रत तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा समूह संघटकांना द्या आणि स्थळप्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. दोन महिने हाताशी ठेवा. आचारसंहिता लागली तर हे पत्र तेवढे दिवस लटकतं, म्हणून निवडणुकीचा अंदाज घेऊनच तारखा द्या.

स्वतःच्या कार्यकर्त्या निवडणार असाल तर निवड ग्रामसभेत किंवा महिला ग्रामसभेत करून ठरावाची नक्कल घ्या. अर्जात त्यांना ‘आरोग्यसेविका’ म्हणू नका. ते उपकेंद्रातलं सरकारी पद आहे आणि गैरसमज होतो. त्यापेक्षा महत्त्वाचं: गावच्या आशाताईला पहिल्या बैठकीलाच बोलवा. तिच्या घरभेटींना मोबदला असतो. नवी बाई तेच काम करायला आली की आपल्या पोटावर पाय येतो असं तिला वाटणारच, आणि तिचं सहकार्य नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचं दार तुमच्यासाठी अर्धंच उघडतं. कोण काय करणार याचा कागद तिच्या सहीनिशी करा.

दुसरी पायरी: कागद

न्यास असेल तर सार्वजनिक न्यास नोंदणीचं प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा (विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा) अलीकडचा उतारा, संस्थेचं पॅन, आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पणवरचा क्रमांक, बँकेचा रद्द केलेला धनादेश, कार्यकारिणीचा ठराव. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक कामासाठी काढून ठेवलेल्या) निधीसाठी यावर सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक. तो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तरी बोलताना सगळे अजून १२ए-८०जी असंच म्हणतात. अर्जात कोणता आकडा घालायचा ते सीएकडून घ्या.

बहुतेक अडतं ते चेंज रिपोर्टवर. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा आला, की बदलाची नोंद नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते. कोकणातल्या जुन्या मंडळांत ही नोंद वर्षानुवर्षं राहून गेलेली असते. मग परिशिष्टावर एक अध्यक्ष, बँकेत दुसराच सहीचा अधिकारी, आणि अर्जावर तिसऱ्याची सही. निधीदात्याच्या छाननीत असा अर्ज बाजूला पडतो. हे दुरुस्त व्हायला महिने जातात, म्हणून निधी शोधण्याच्याही आधी हे काम हातात घ्या.

दुसरी खास आपल्याकडची गोष्ट म्हणजे मुंबई मंडळ आणि ग्रामीण मंडळ. नोंदणी परळच्या किंवा विरारच्या पत्त्यावर, काम राजापूर तालुक्यात. यात बेकायदा काही नाही, पण कंपनीला स्थानिक संस्था हवी असते. ग्रामीण शाखेचा पत्ता, तिथल्या कामाचे फोटो, ग्रामपंचायतीचं पत्र सोबत जोडा. नावाचं स्पेलिंग पॅन, बँक आणि नोंदणी प्रमाणपत्रावर अक्षरन् अक्षर सारखं आहे का तेही पाहा. ‘मंडळ’ आणि ‘मंडल’ यावरून पैसे परत गेलेले आहेत.

मूळ कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तिसरी पायरी: पैसे कोण देतं?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. प्रतिबंधात्मक आरोग्य कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे अशा खर्चाला चालणाऱ्या कामांच्या यादीत, बसतं. कायदाच स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे लोटे-परशुराम, महाड, रोहा, तळोजा, जयगड, डोलवी, थळ या भागांतल्या कारखान्यांच्या आसपासची गावं तुमच्या कामात असतील, तर सुरुवात तिथून करा. कारखान्याच्या गेटवर अर्ज देऊन मात्र फारसं साधत नाही. सीएसआर समिती बहुतेक वेळा मुख्य कार्यालयात असते. स्थानिक एचआर अधिकाऱ्याची शिफारस आणि मुख्य कार्यालयाचा ईमेल, दोन्ही हवेत.

तीन नियम लक्षात ठेवा. एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जात नाहीत. ‘आरोग्य मेळावा’ असं शीर्षक दिलं तर अर्ज तिथेच संपतो. कंपनीच्या पैशातून काम राबवणाऱ्या संस्थेला तत्सम कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो नसेल तर अनुभवी संस्थेबरोबर करार करून तिच्या नावाने अर्ज करा. आणि ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नको’ असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. तुमच्या पर्यवेक्षिकेचा, म्हणजे वर्षभर वाड्यांत फिरून देखरेख करणाऱ्या बाईचा, पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे, त्याला तसंच नाव द्या.

फेब्रुवारीत अचानक फोन येतो, ‘मार्चअखेर खर्च दाखवाल का?’ असा पैसा उपकरणं घ्यायला ठीक. वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी तो घ्यायचा तर ‘चालू प्रकल्प’ म्हणून करार करून घ्या. मग कंपनी उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चू शकते.

परदेशी निधीचा नाद सुरुवातीला सोडा. एफसीआरए (परदेशी निधीच्या कायद्याखालच्या) नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा तुमच्याकडे वळवता येत नाही. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, प्रशिक्षणासाठी नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मात्र आरोग्यासाठी तरतूद करता येते. रक्कम छोटी असली तरी ‘गावाचाही वाटा आहे’ हे दाखवायला ती मोलाची.

चौथी पायरी: गरज वाडीनिहाय मांडा

‘ग्रामीण भागात आरोग्यसेवेचा अभाव आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी एक तक्ता जोडा. रकाने असे: वाडीचं नाव, घरं, साठीपुढची माणसं, एकटी राहणारी म्हातारी माणसं, उपकेंद्र किती किलोमीटर, त्यातलं चालत किती, पावसात कुठला व्हाळ किंवा साकव अडवतो, एसटी किती वाजता, मोबाइलला रेंज कुठे मिळते. उपकेंद्राचं प्रमाण सपाट भागात ५००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३००० लोकसंख्येला एक असं आहे. आपल्याकडे आकडा बरोबर बसतो, पण आठ वाड्या सड्यावर आणि पाखाडीखाली विखुरलेल्या असतात. कागदावर एकच गाव, पायी मात्र अर्धा दिवस. हे त्या तक्त्यातूनच दिसतं.

आकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणि आशाताईच्या नोंदवहीतून घ्या. घरोघरचे रुग्ण नावासकट अर्जाला जोडू नका.

पाचवी पायरी: तारखा

निधीदात्याचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, कोकणाचं तसं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेर लावणी. शेतकरी वाड्यांतून कुणी येणार नाही. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि गणपतीचे दिवस सोडा. ऑक्टोबरात कापणी-झोडणी. शिमग्यात पालखी कुठल्या गावात किती दिवस घरं घेते ते विचारून घ्या, दोन शेजारच्या गावांतही फरक असतो. एप्रिल-मे आंबा-काजू, लग्नं आणि चाकरमानी. उरतो तो दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ. मुख्य वर्ग तेव्हाच ठेवा.

याला दोन अपवाद. रायगडातल्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात, तिथे सप्टेंबर गाठावा लागतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सुक्या मासळीचे बाजाराचे वार सांभाळले तर तिथल्या बायकांना जुलैच सोयीचा. एकाच प्रकल्पात शेतकरी आणि मच्छीमार अशी दोन्ही गावं असतील तर दोन तुकड्या करा.

विषयही ऋतू पाहून. लेप्टो आणि सर्पदंश मेअखेर झालेच पाहिजेत, अर्ध्या दिवसाचे, वाडीतच. लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या कुणाला, कधी हे आरोग्य केंद्र ठरवतं. कार्यकर्तीने ताप, अंगदुखी, डोळे लाल आणि चिखलातलं काम ही सांगड ओळखून लगेच पाठवायचं, एवढंच शिकवा. माकडताप गोचिडींच्या हंगामात, म्हणजे जानेवारीपासून काजूच्या दिवसांत डोकं वर काढतो, त्यामुळे त्याचा वर्ग डिसेंबरात.

रोजची वेळ साडेदहा ते चार. वस्तीची एसटी सकाळी निघाली की पुढची गाडी दहाला, आणि पाचची चुकली तर बाई अडकते. गुहागरच्या बायकांना दापोलीत बोलावणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळा आणि तिकीट दोन्ही धरा.

सहावी पायरी: अंदाजपत्रक

हा नमुना २५ कार्यकर्त्या, एक तालुका, बारा महिने, एकूण १४ प्रशिक्षण दिवस (सुरुवातीला तीन आणि दोन असे पाच, नंतर नऊ मासिक दिवस) असा आहे. दर तुमच्या तालुक्यातले घाला.

- प्रवास १५० आणि बुडालेला रोज ३५०, असे ५०० × २५ × १४ = १,७५,०००
- चहा, नाश्ता, जेवण: २०० × २८ माणसं × १४ = ७८,४००
- प्रशिक्षक: २ × १,५०० × १४ = ४२,०००
- जागा, वीज, झाडलोट: १,००० × १४ = १४,०००
- साहित्याची पिशवी: ३,५०० × २५ = ८७,५००
- सेल, दुरुस्ती, बदली: ६०० × २५ = १५,०००
- नोंदवह्या, छपाई: ४०० × २५ = १०,०००
- पर्यवेक्षिका: १४,००० × १२, अधिक प्रवास २,५०० × १२ = १,९८,०००
- अर्धवेळ हिशेबनीस ४,००० × १२, अधिक लेखापरीक्षण १५,००० = ६३,०००

एकूण ६,८२,९००, म्हणजे एका कार्यकर्तीमागे २७,३१६ रुपये.

निधीदाता कात्री लावायला बसला की पहिला हात पर्यवेक्षिकेवर पडतो. तिथे अडून राहा. कमी करायचंच असेल तर कार्यकर्त्या २५ वरून १८ करा, देखरेख ठेवा. बुडालेला रोजही सोडू नका. बागेत सुपारी सोलायला गेली असती तर तिला ते पैसे मिळाले असते. फुकट बोलावलं की तिसऱ्या महिन्यात फक्त घरची बरी असलेलीच बाई येते. ‘किरकोळ’ किंवा ‘अनपेक्षित खर्च’ ही ओळ घालू नका, ती हमखास उडते.

बीपी मशीन घेताना दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको. मोठ्या आकाराचे पट्टे निदान पाच घ्या. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी खोटं जास्त दिसतं. खारी हवा आणि पावसाळी ओल यांनी सेलच्या खाचा गंजतात. वापर नसताना सेल काढून ठेवायचे आणि मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात, हे पहिल्याच दिवशी दाखवा.

सातवी पायरी: काय मोजणार?

‘२५ महिलांना प्रशिक्षण दिलं’ हा निकाल नव्हे. कौशल्य मोजा, तेही तीनदा: आधी, वर्ग संपल्यावर आणि तीन महिन्यांनी तिच्याच वाडीत. त्यासाठी तपासणी यादी करा. बीपीची यादी अशी असू शकते: माणूस पाच मिनिटं शांत बसला का, पाठ टेकलेली आहे का, पाय जमिनीवर आहेत का, पट्टा उघड्या दंडावर आहे का, दंड छातीच्या पातळीत आहे का, तिने दोनदा मोजलं का, आकडा गोल न करता लिहिला का. सातपैकी किती बरोबर. लहान मुलाचा श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोजलं का. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४० किंवा त्याहून जास्त असेल तर तो वेगवान, हे तिला न पाहता सांगता येतं का.

तीन महिन्यांनंतरचा आकडा वर्ग संपल्याच्या आकड्यापेक्षा खाली येईल. येऊ द्या आणि अहवालात तसाच लिहा. पर्यवेक्षिका का हवी याचा तोच पुरावा असतो.

मंजुरीनंतर

करारात हप्ते कसे येणार ते पाहा. पहिला हप्ता निदान चाळीस टक्के मागा, कारण पिशव्या आणि सुरुवातीचे वर्ग पहिल्या तिमाहीतच असतात. प्रकल्पासाठी वेगळं खातं किंवा किमान वेगळी खातेवही ठेवा. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख देऊ नका. पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावा. जेवण बचत गटाकडून घेणार असाल तर गटाचं पावतीपुस्तक आणि शिक्का आधी करून घ्या. कोऱ्या कागदावर ‘जेवणाचे मिळाले’ लिहून घेतलं की लेखापरीक्षक ते बाजूला काढतो. खरेदीला तीन दरपत्रकं, पिशव्यांना साठा नोंदवही, दिलेल्या प्रत्येक पिशवीला सही.

हजेरीपटावर रोजच्या रोज सही घ्या. शेवटच्या दिवशी पाच दिवसांच्या सह्या एकदम घेतल्या की शाई आणि अक्षर एकच दिसतं, आणि मग खऱ्या हजेरीवरही शंका येते.

वर्षभरात दोन-चार जणी गळणार: लग्न, मुंबई, नोकरी. निवडतानाच प्रत्येक तीन वाड्यांमागे एक राखीव नाव ठेवा आणि बदली कार्यकर्तीला पर्यवेक्षिका तिच्या वाडीतच शिकवील असं करारात लिहा. गळालेल्या बाईकडून पिशवी परत घेण्याची अटही तिथेच घाला.

शेवटचा हप्ता बहुधा विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर येतो, म्हणजे तेवढे पैसे आधी संस्थेच्या खिशातून जातात. त्याची सोय नवव्या महिन्यात करून ठेवा. रक्कम उरत असेल तर परस्पर दुसऱ्या ओळीत वळवू नका. निधीदात्याला ईमेल करून लेखी संमती घ्या. खात्यावर जमलेलं व्याजही त्यांना कळवा, कारण बऱ्याच करारांत ते प्रकल्पाचंच धरलेलं असतं. पुढच्या वर्षाचा प्रस्ताव अंतिम अहवालाची वाट न पाहता आठव्या महिन्यात, तीन महिन्यांनंतरच्या तपासणीच्या आकड्यांसह द्या.